मणका दबला: पहिल्या दिवसापासून हाडाचं औषध सुरू होईपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

कांद्याची पाटी उचलताना, पाण्याची बादली सरकवताना, कधी नुसतं जोरात खोकताना पाठीत कळ येते आणि साठी-सत्तरीची बाई जागच्या जागी बसते. घरात ठरतं, उसण भरली. मलम, शेक, ओळखीच्या मेडिकलमधून चार गोळ्या. पंधरवड्याने एक्स-रेचा फोटो निघतो तेव्हा कळतं की मणका दबलाय. मग बेल्ट मिळतो, दीड-दोन महिन्यांत दुखणं ओसरतं आणि फाइल कपाटात जाते.

ज्या ठिसूळ हाडामुळे मणका दबला, त्या हाडाचं औषध मात्र सुरूच होत नाही. उपचार झाला नाही तर अशा पाचातल्या साधारण एका रुग्णाचा वर्षाच्या आत आणखी एक मणका दबतो. म्हणजे पहिलं दुखणं थांबलं म्हणून घरचे निश्चिंत होतात, नेमका तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. नाशिक शहरात आणि निफाड, दिंडोरी, कळवणकडे हे इतक्या घरांत घडताना दिसतं, की पायऱ्या क्रमाने लिहून काढणं भाग आहे.

## सुरू करण्यापूर्वी: एक फाइल, एक माणूस

घरातल्या एकाच व्यक्तीकडे ही जबाबदारी द्या. आज मुलगा, परवा सून, नंतर शेजारचे काका असं झालं की प्रत्येक डॉक्टरला अर्धीच गोष्ट कळते. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढं लिहा:

- दुखणं कधी सुरू झालं, त्या क्षणी काय करत होत्या
- पूर्वी मनगट, खुबा किंवा पाठीचं हाड मोडलं होतं का
- पाळी कोणत्या वयात गेली, गर्भपिशवी काढली असल्यास कधी
- आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का
- सध्याच्या सगळ्या गोळ्या: थायरॉईड, फिट्स, ॲसिडिटी, मधुमेह, दमा, सांधेदुखी
- तंबाखू, मशेरी, दारू
- तरुणपणीची उंची आणि आजची उंची

उंचीचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. तरुणपणीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल, तर यापूर्वीच एखादा मणका गुपचूप दबलेला असू शकतो. दबलेल्या मणक्यांपैकी बरेचसे त्या वेळी कोणाच्या लक्षातच येत नाहीत. साडीचा घोळ जमिनीवर लोळायला लागला, परकर छोटा करावा लागला, असं आजी सांगत असतील तर तेही लिहा.

सावध: गुडघेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्या चालू असतील तर लपवू नका. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि स्टेरॉइड हाड पोखरतं. मात्र महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एका दिवसात बंद करणंही धोक्याचं आहे. पुडी तशीच डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १: आज, आत्ता दवाखान्यात जायचं का?

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा आडवं झोपवून थेट मोठ्या रुग्णालयात न्या:

- पायांत ताकद कमी होणं, चालताना पाय लटपटणं
- लघवी अडकणं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं
- बसण्याच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा
- जिन्यावरून किंवा गाडीवरून पडून दुखणं सुरू झालेलं असणं

ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, झोपूनही न थांबणारं दुखणं किंवा पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मिळ नाही, आणि तो ठिसूळ हाडासारखाच पाठदुखीने सुरू होतो. कॅन्सरनेही मणका दबतो. सगळ्या दबलेल्या मणक्यांना ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं इथे फार महागात पडतं.

## टप्पा २: फोटो नीट काढून घ्या

पाठीचा समोरून काढलेला एकच फोटो पुरत नाही. मणका पुढून दबतो आणि ते बाजूने काढलेल्या फोटोतच नीट दिसतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाठ आणि कंबर दोन्ही भाग आहेत का, आणि बाजूचा फोटो लिहिलाय का, ते पाहा. दबण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे पाठ संपून कंबर सुरू होते तिथले मणके. रिपोर्टमध्ये डी-१२ किंवा एल-१ असं लिहिलेलं असतं. फक्त कंबरेचा फोटो काढला तर वरचा दबलेला मणका सुटून जातो.

रिपोर्टमध्ये ‘वेजिंग’, ‘कोलॅप्स’, ‘कॉम्प्रेशन’, ‘लॉस ऑफ हाइट’ यातला शब्द शोधा. कितीदा तरी फोटो छातीसाठी किंवा पोटासाठी काढलेला असतो, त्यात दबलेल्या मणक्याची एक ओळ खाली असते आणि ती कोणी वाचत नाही. जुने फोटोही काढून बघा.

पहिल्या काही दिवसांत साध्या फोटोत काहीच दिसलं नाही, असंही होतं. दुखणं टिकून असेल तर दोन आठवड्यांनी फोटो पुन्हा काढायचा की एमआरआय करायचा, हे डॉक्टरांना विचारा. मणका ताजा दबलेला आहे की जुना, हे एमआरआयमध्ये हाडातल्या सुजेवरून कळतं. क्षय किंवा कॅन्सरची शंका असेल तरही तोच उपयोगी पडतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

तपासा: फिल्म किंवा सीडी ताब्यात आली का? नुसत्या मोबाइलवरच्या फोटोवर पुढचा डॉक्टर काम करू शकत नाही.

तालुक्यावरून येणाऱ्यांनी प्रवासाचा विचार आधी करावा. सुरगाणा, पेठकडून घाटातून येताना एसटीच्या शेवटच्या सीटवर अजिबात बसवू नका, खड्ड्यात सगळा हिसका पाठीला बसतो. मधली सीट घ्या. कार असेल तर पुढची सीट मागे कलती करा आणि कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवा.

## टप्पा ३: पहिले पंधरा दिवस

सगळ्यात मोठी चूक इथे होते: ‘हलू नका, महिनाभर पडून राहा.’ एक-दोन दिवस, फार तर थोडे अधिक, दुखण्याच्या मानाने आराम ठीक आहे. त्यापुढे अंथरुणाला खिळून ठेवलं की हाड आणखी विरळ होतं, स्नायू गळतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. दर तासाला थोडं उठणं, चार पावलं चालणं, पुन्हा आडवं होणं, असं चक्र बसवा. नुसतं ताठ बसून राहण्याने मणक्यावर जास्त भार येतो, म्हणून सलग तासभर खुर्चीत बसवू नका.

उठण्याची पद्धत घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या. हात धरून सरळ ओढून उठवणं बंद. आजी पाठीवर झोपल्या आहेत. दोन्ही गुडघे दुमडायचे, हात छातीवर घ्यायचे. खांदे आणि नितंब एकाच वेळी, कमरेत पीळ न पडता, कुशीवर वळवायचे. मग दोन्ही पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर दाबत धड वर आणायचं. एक मिनिट बसायचं, चक्कर येत नाही ना ते बघायचं, मग उभं राहायचं. झोपताना हेच उलट्या क्रमाने. दोन दिवस कोणी शेजारी उभं राहून करून घेतलं की हे अंगवळणी पडतं.

जमिनीवरची गादी, पाट, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, सगळं काही आठवड्यांसाठी बंद. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते.

बेल्ट किंवा ब्रेस दुखणं आटोक्यात ठेवायला असतो. उठल्यावर लावायचा, झोपताना काढायचा, आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत डॉक्टरांना विचारून सोडायचा. वर्षभर बेल्ट लावून पाठीचे स्नायू दुबळे करून घेतलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत.

वेदनाशामक गोळ्या घड्याळ लावून घ्या, कळ असह्य झाल्यावर नाही. पण रक्तदाब, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि संडासला जोर लावला की मणक्यावर दाब येतो. म्हणून पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

सावध: मालिशवाला, हाडवैद्य, पाठीवर पाय देणं, ‘मणका बसवून देतो’ म्हणणारा कोणीही, यांना पाठीला हात लावू देऊ नका. ठिसूळ मणका दाबाने आणखी चेपतो.

मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराबद्दल घाईने विचारणारे बरेच असतात. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत साध्या उपचाराने उतरतं. कित्येक आठवडे औषध घेऊनही दुखणं असह्य असेल आणि एमआरआयमध्ये मणका ताजा दिसत असेल, तेव्हा त्याचा विचार होतो. सिमेंट भरलं तरी बाकीचे मणके तितकेच ठिसूळ राहतात, त्यामुळे पुढचे टप्पे चुकत नाहीत.

## टप्पा ४: रक्ताच्या तपासण्या, पहिल्याच आठवड्यात

दुखणं कमी झाल्यावर बघू, असं म्हणत ही चिठ्ठी मागे पडते. साधारणपणे हिमोग्राम, ईएसआर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड या तपासण्या लागतात. पॅराथायरॉईड हार्मोन गरजेप्रमाणे. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप वाढलेला किंवा किडनीत बिघाड असेल तर मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करतात. पुरुषांचा मणका दबला असेल तर टेस्टोस्टेरॉनही बघतात. पुरुषांना हा आजार होत नाही या समजुतीने त्यांचा उशीर बायकांपेक्षाही मोठा होतो.

तपासा: क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे तीन आकडे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले का? पुढचं औषध यांवर ठरतं.

## टप्पा ५: डॉक्टरांसमोर विचारायचे प्रश्न

हाडाच्या औषधाला उशीर कोणा एकाच्या दुष्टपणामुळे होत नाही. हाडांचे डॉक्टर मोडलेलं हाड बघतात, फिजिशियनला वाटतं ऑर्थोने औषध दिलं असेल, आणि रुग्णाला वाटतं बेल्ट हाच उपचार. म्हणून पहिल्याच भेटीत, बाहेर पडण्यापूर्वी, हे जसंच्या तसं विचारा:

“डॉक्टर, मणका ठिसूळपणामुळे दबलाय का? तसं असेल तर हाडाचं औषध कधी सुरू करायचं? आज नसेल, तर कशासाठी थांबायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत? हे औषध तुम्ही बघणार की आम्ही दुसऱ्यांकडे जायचं?”

उत्तरात तारीख मिळाली पाहिजे. ‘बघू नंतर’ याला तारीख नसते. दुसऱ्यांकडे जायला सांगितलं तर चिठ्ठी लिहून घ्या. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), संधिवाततज्ज्ञ किंवा फिजिशियन, तिघांपैकी कोणीही हे औषध चालवू शकतात. माझा आग्रह असा की मणका दबल्यापासून सहा आठवड्यांच्या आत औषधाचा पहिला डोस पोटात किंवा शिरेत गेलेला असावा. हाडाच्या औषधाने मोडलेलं हाड जुळायला अडथळा येतो, या भीतीने तीन-तीन महिने थांबण्याची गरज नसते.

खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, घोटीजवळचं एसएमबीटी हे पर्याय आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑर्थो आणि मेडिसिन विभाग एकाच आवारात असतात, त्यामुळे एका खेपेत दोन्हीकडे दाखवता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. कोणतं औषध जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं, हेही विचारून घ्या.

## टप्पा ६: डेक्सा, पण तिच्यासाठी अडून राहू नका

हाडाची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. खुबा आणि कंबर या दोन जागी करतात. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. पण किरकोळ कारणाने मणका दबला असेल आणि दुसरा आजार नसेल, तर स्कोअर काहीही आला तरी निदान झालेलंच आहे. स्कोअर उणे १.८ आला म्हणून औषध नाकारलं, हे चुकीचं.

दबलेल्या मणक्यात हाड चेपून दाट दिसतं, वयाने मणक्यांवर वाढलेल्या हाडाच्या टोकांमुळेही कंबरेचा आकडा फसवा चांगला येतो. त्यामुळे खुब्याचा आकडा बघा. गरज पडली तर मनगटाचीही मोजणी करतात.

सावध: सोसायटीत, मंडळात टाच मशीनमध्ये ठेवून जी फुकट तपासणी होते, ती डेक्सा नव्हे. तिच्या कागदावरून औषध सुरूही करू नका आणि बंदही करू नका.

## टप्पा ७: औषधाआधीची तयारी

ड जीवनसत्त्व कमी असताना जोरदार इंजेक्शन घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. म्हणून आधी कमतरता भरून काढतात. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे असते. ती रोज घेऊन कॅल्शियम भयंकर वाढलेले, उलट्या आणि किडनीच्या त्रासाने दाखल झालेले रुग्ण असतात. कॅलेंडरवर वार ठरवा आणि घेतल्यावर फुली मारा.

कॅल्शियम जेवण आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास. नाचणीची भाकरी, दही, तीळ घरात चालत असतील तर गोळी लहान पुरते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्या, आणि लोहाच्या व थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा.

दात: किडलेला दात काढायचा असेल तर औषध सुरू होण्याआधी काढून घ्या. या औषधांमुळे जबड्याच्या हाडाचा त्रास क्वचितच होतो, पण दात काढल्यानंतर त्याची शक्यता वाढते. दातांचं काम नसेल तर त्या नावाखाली महिना दवडू नका.

## टप्पा ८: औषध, आणि ते घेताना होणाऱ्या चुका

कोणतं औषध हे डॉक्टर ठरवतील. प्रत्येकात चुका मात्र ठरलेल्या आहेत.

आठवड्याची गोळी (ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम): सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहा नाही, दूध नाही, बाकीच्या गोळ्या नाहीत. पुढचा अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना ताज्या दुखण्यामुळे अर्धा तास बसताच येत नाही, किंवा गिळायला त्रास होतो, त्यांनी हे आधी सांगावं. अशांना इंजेक्शन बरं पडतं.

वर्षाचं सलाईन (झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम): आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. सलाईन किमान १५ मिनिटांत, घाई न करता द्यायचं असतं. किडनीचं काम फार कमी असेल तर हे देत नाहीत, म्हणून ताजं क्रिएटिनिन दाखवा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉल घ्या. तापाला घाबरून पुढच्या वर्षीचा डोस टाळू नका, दुसऱ्या वेळी त्रास सहसा कमी असतो.

सहा महिन्यांचं इंजेक्शन (डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम): तारीख चुकवायचीच नाही. महिन्याहून जास्त उशीर झाला किंवा परस्पर बंद केलं तर हाडाची झीज उसळून वाढते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. बंद करायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध डॉक्टरच सुरू करतात. लांबच्या वाडीवर राहणाऱ्या, दर सहा महिन्यांनी येण्याची खात्री नसलेल्या रुग्णाने हे सुरू करण्याआधीच स्पष्ट बोलावं.

रोजचं इंजेक्शन (टेरिपॅराटाइड): नवीन हाड बनवणारं. गंभीर ठिसूळपणात, एकापेक्षा जास्त मणके दबले असतील तेव्हा याचा विचार करतात. पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं पेन फेकून द्या. घरी नेताना बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका. वीज तासन्‌तास जाते अशा गावात सुरू करताना आधी फ्रीजची सोय बघा. पहिले काही डोस बसून घ्या, चक्कर येऊ शकते. सहसा २ वर्षांपर्यंत देतात आणि संपल्यावर लगेच दुसरं औषध लागतं. ते घेतलं नाही तर कमावलेलं हाड निघून जातं. पूर्वी हाडांवर रेडिएशन झालं असेल तर हे चालत नाही.

तपासा: बऱ्याच दिवसांच्या औषधानंतर मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं, तर फोटो काढून घ्या. क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो आणि तो आधी दुखण्यानेच कळवतो.

## टप्पा ९: पुन्हा कामाला लागताना

दुखणं उतरलं की पुढे वाकणं आणि पिळणं टाळून चालणं वाढवा. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कार आणि पायाचे अंगठे धरण्याचे व्यायाम बंद. योगवर्गात शिक्षकांना मणका दबल्याचं सांगून ठेवा. भिंतीला टेकून खांदे मागे घेणं, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. लांब दांड्याचा झाडू आणा, बादलीऐवजी नळाखाली मग वापरा, गोणी-पाटी दुसऱ्याने उचलायची. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया, आणि उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो का याची तपासणी. पुढचं पडणं यातल्याच कशाने तरी टळतं.

## टप्पा १०: तारखा

पुढच्या डोसची तारीख दोन जणांच्या मोबाइलमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. द्राक्षांचा आणि कांद्याचा हंगाम आधीच बघून ठेवा, कारण त्या दिवसांत घरातलं कोणीच रिकामं नसतं आणि डोस नेमका तेव्हाच बुडतो. अडचण असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना फोन करा, नंतर नाही.

औषध चालू असताना पाठीत नवी कळ आली तर जुनंच दुखणं आहे असं धरून चालू नका. बाजूचा फोटो पुन्हा काढा आणि जुन्या फिल्मशेजारी ठेवून दाखवा. डेक्सा दर एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच सेंटरच्या त्याच मशीनवर करा, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.